पोरांच्या हाती हलगी द्या, पण सगळ्याच पोरांच्या!

वाचकहो, दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं, की आपल्या जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाचे, म्हणजे आपल्या भाषेत गॅदरिंगचे वारे वाहू लागतात. मंडप ठरतो, साउंडवाल्याला इसार जातो, पाहुणे कोण बोलवायचे यावर दोन-चार बैठका झडतात. त्या रात्री सारं गाव मैदानावर लोटतं. लेकरू स्टेजवर आलं की आई-बापाचा ऊर भरून येतो, कुणी पुढे होऊन शंभराची नोटही लावतं. हा आनंद खराच आहे. त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

पण त्याच दिवसांत कळंब, भूम, वाशी, परंड्याकडच्या कितीतरी वस्त्या ओस पडलेल्या असतात. दसरा-दिवाळीला टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. आई-बाप ऊसतोडीला, त्यांच्या मागं पोरंही. गॅदरिंग असतं डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे जो पोरगा शाळेच्या हजेरीपटावर आहे, तो शाळेच्या स्टेजवर मात्र एकाही वर्षी नसतो. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं त्याची याच हिशोबात जातात. कुणी मुद्दाम वगळलं असं नाही. वेळापत्रकानंच वगळलं. आणि वेळापत्रकाविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची?

आणखी कोण नसतं, ते एकदा नीट बघा. ड्रेसचं भाडं परवडत नाही ती पोर नसते. पायाने अधू असलेलं लेकरू पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलेलं असतं, कारण स्टेजला पायऱ्या आहेत. ज्याला ऐकू येत नाही त्याला ‘तुला गाणं कसं कळणार’ म्हणून आधीच बाजूला काढलेलं असतं. पारधी वस्तीवरचं पोर मंडपाच्या दोरीला धरून लांबून बघत असतं. आणि दहावी झालेली, लग्नाच्या बोलाचालीत अडकलेली मुलगी तर गावातल्या कोणत्याच कार्यक्रमात दिसत नाही. ती घरात असते.

आजचा विषय आहे तो या पोरांना गोळा करून नाटक, गाणं, चित्र, रेडिओ, कॅमेरा शिकवणाऱ्या माणसांचा. ही माणसं थोडी आहेत आणि त्यांची नावं फारशी छापून येत नाहीत. त्यांच्या कामाला अजून आपल्याकडे ‘काम’ म्हणायची पद्धत नाही. ‘पोरं जमवून नाचवतो’ असं म्हणून लोक मोकळे होतात. म्हणून हे चार शब्द.

हे खूळ नवं नाही

कुणाला वाटेल, हे शहरातलं नवं खूळ आहे. तसं नाही. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळात मराठवाड्यात गणेशोत्सवाच्या मेळ्यांतून तरुण पोरांनी गाणी म्हणून लोक जागे केले, हे जुन्या माणसांकडून आपण ऐकत आलो आहोत. शेजारची बार्शी तर शाहीर अमर शेख यांचं जन्मगाव. एका गरीब मुसलमान घरातला, गिरणीत राबलेला हा पोरगा. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्याने लाल बावटा कलापथक उभं केलं आणि त्याचा आवाज महाराष्ट्रभर घुमला. मांग समाजातला अण्णा भाऊ आणि मुसलमान समाजातला अमर शेख एका डफावर एकत्र आले. त्यासाठी कुणी त्यांची जातीची बैठक बोलावली नव्हती.

राष्ट्र सेवा दलाचं कलापथक हे दुसरं उदाहरण. सेवा दल १९४१ साली सुरू झालं. त्याच्या कलापथकात वसंत बापटांसारखे कवी होते, तसेच लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे निळू फुले होते आणि न्हाव्याच्या दुकानात वाढलेले राम नगरकर होते. दादा कोंडकेही त्याच मुशीतले. पुढे हे लोक मोठे नट झाले म्हणून आपल्याला त्यांची नावं माहीत आहेत. पण कलापथकानं त्यांना घेतलं, तेव्हा ते कुणीच नव्हते. ‘आधी येतं का ते दाखव, मग घेतो’ असा तिथला नियम नव्हता. आधी घ्यायचं, मग शिकवायचं, असा होता. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं, त्याच्या आधी गावोगाव जी हवा तयार झाली तिच्यात या गाणाऱ्या पोरांचा वाटा होता.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं, तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कुणी विसरणार नाही. त्या भूकंपात लातूरबरोबर आपल्या उमरगा-लोहारा भागातली गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. मागं राहिलेल्या पोरक्या लेकरांसाठी पन्नालाल सुराणा आणि सेवा दलाच्या लोकांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभं केलं. त्याच १९९३ साली तुळजापूर तालुक्यातच यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवासी शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला. दोघांचे विचार दोन टोकांचे, एक समाजवादी आणि एक संघाच्या मुशीतला. पण ज्याला कुणी घेत नाही त्या लेकराला आत घ्यायचं, हे दोन्हीकडे एकच. एका तालुक्यात एकाच वर्षी असं दोनदा घडतं, तेव्हा ‘आपल्याकडे हे होत नाही’ असं म्हणायची सोय राहत नाही.

कुठे काय चाललं आहे

ठाण्याचं एक काम सांगण्यासारखं आहे. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांनी आयुष्यभर बालनाट्य केलं, मोठी नाटकं केली. उतारवयात त्यांनी समता विचार प्रसारक संस्थेला बरोबर घेऊन ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. ठाण्याच्या झोपडपट्ट्यांतल्या पोरापोरींनी आपल्याच वस्तीचं नाटक आपणच रचायचं आणि आपणच करायचं, अशी ही कल्पना. नळावरचं भांडण, बापाची दारू, सुटलेली शाळा, हेच विषय. नेपथ्याचा खर्च नाही, भाड्याचे कपडे नाहीत. मतकरी २०२० साली करोनात गेले. पण मोठ्या नाटककाराने संहिता लिहून न देता पोरांना स्वतःची गोष्ट रचायला लावली, ही गोष्ट मोलाची. गावाकडे आपण उलटं करतो. सिनेमाचं गाणं लावतो आणि पोरांना त्याच्यासारखे हातवारे करायला सांगतो. मग पोराकडे सांगायला काही होतं की नव्हतं, हे कळतच नाही.

अपंग मुलांसाठी मुंबईत कांचन सोनटक्के यांनी ‘नाट्यशाला’ चालवली. मतिमंद, मूकबधिर, अंध अशा मुलांच्या शाळांना नाटकाची गोडी लावण्यात त्यांची हयात गेली. स्वागत थोरात यांनी पूर्णपणे दृष्टिहीन कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक बसवलं. ज्यांनी कधी ढग पाहिला नाही त्यांनी मेघदूत सादर करायचं, हे ऐकायला अवघड वाटतं. पण जमिनीचा अंदाज, पावलांची मोजणी, आवाजाची दिशा यांवर तालीम केली, तर रंगमंचावर कुणी कुणाला धडकत नाही. थोरात तिथेच थांबले नाहीत. १५ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल लिपीतलं मराठी पाक्षिक सुरू केलं. आपण रोज सकाळी चहाबरोबर पेपर चाळतो, पण डोळ्यांनी न दिसणाऱ्या तरुणाला बातमी वाचायला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, ही त्यातली खरी अडचण. पेपर बोटांनी वाचता आला की तो कुणाचा मिंधा राहत नाही.

रेडिओचंही तसंच. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने २००८ साली ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र काढलं. माणचा दुष्काळ आपल्यासारखाच. तिथल्या बाया-माणसांच्या तोंडची भाषा, ओव्या, शेतीच्या गोष्टी त्या केंद्रावरून ऐकू येऊ लागल्या. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली ‘खबर लहरिया’ निघालं, ते चालवणाऱ्या बहुतेक बाया दलित आणि गरीब घरांतल्या. पुढे त्यांनी हातात मोबाइल घेऊन बातमीदारी केली आणि त्यांच्यावरचा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

परंड्याच्या शिवेपलीकडे करमाळा तालुका. जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’साठी केममधला हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे निवडला. कॅमेरा कधी न पाहिलेलं पोर, पण पडद्यावर त्याच्याकडून नजर हटत नाही. इथे एक इशारा मात्र द्यायला हवा. दर पोराचा सोमनाथ होत नाही, आणि व्हायचीही गरज नाही. ‘आमच्या गावातून हिरो निघेल’ या आशेने काम सुरू केलं तर दोन वर्षांत निराशा पदरी पडते, आणि मग चांगला आवाज, चांगलं रूप असलेल्यांचीच निवड सुरू होते. ज्यांच्यासाठी काम काढलं तेच पुन्हा मंडपाबाहेर.

‘याने काय पोट भरतंय का?’

हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पाऊस दगा देतो, सोयाबीनला भाव नाही, पोरगं बारावी होऊन पुण्याला कंपनीत कंत्राटावर लागतं. अशा घरात नाटकाची गोष्ट काढणाऱ्याला लोक वेड्यात काढणारच. नाटकाने सोयाबीनचा भाव वाढत नाही, हे कबूल करूनच पुढचं बोललं पाहिजे.

पण विचार करा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न ठरतं, तेव्हा तिला ‘मला शिकायचंय’ हे चार माणसांत बोलता येत नाही. आवाजच फुटत नाही. अठराच्या आत लग्न नको असं कायदा म्हणतो, पण कायद्याला आवाज देणारं माणूस त्या घरात तीच एकटी असते. गोलात उभं राहून आपलं नाव मोठ्याने सांगणं, दुसऱ्याच्या डोळ्यात बघून वाक्य म्हणणं, चुकलं तरी पुन्हा म्हणणं, हे तिने सहा महिने केलेलं असेल, तर फरक पडतो. प्रत्येक लग्न थांबेल असा दावा नाही. पण निदान ती बोलेल, मैत्रिणीला सांगेल, बाईंना गाठेल. जे पोर मनातलं कुणाजवळ काढत नाही, कर्जाच्या घरात वडिलांचं तोंड बघून गप्प बसतं, त्यालाही अशी एक जागा लागते. आपल्या जिल्ह्याने घरातलं माणूस अचानक गेल्याचे प्रसंग पुष्कळ पाहिले आहेत. त्यावर सगळे उपाय पैशाचे नसतात.

आणि मोबाइलचं काय, असं कुणी म्हणेल. पोरं रीळ बनवतातच की! बनवतात. पण घरातला मोबाइल कुणाच्या हातात असतो, बघा. बहुतेक घरांत तो पोराच्या हातात, पोरीच्या नाही. आणि रीळ एकट्यानं होते. तालमीला दुसरा माणूस लागतो. त्याची वाट बघावी लागते, त्याचं ऐकावं लागतं. पाटलाच्या पोराला पारध्याच्या पोराने संवाद द्यायचा असतो आणि त्याने तो घ्यायचा असतो. गावात ही देवाणघेवाण दुसरीकडे कुठे होते, सांगा पाहू?

चालवणाऱ्यांचे हाल

आता या माणसांकडे बघा. बहुतेक काम कुठल्यातरी प्रकल्पाच्या पैशावर चालतं. प्रकल्प एक-दोन वर्षांचा. पहिले सहा महिने पोरं जमवण्यात जातात, आई-बापांचा विश्वास बसेपर्यंत वर्ष जातं, आणि पोरं जरा मोकळी होऊ लागली की पत्र येतं, ‘निधी संपला.’ ताई किंवा दादा दुसऱ्या जिल्ह्यात जातो. पोरांच्या दृष्टीने आणखी एक मोठं माणूस येऊन निघून गेलं. ज्यांना आधीच माणसं सोडून गेलेली आहेत, त्या लेकरांशी असं वागणं बरं नव्हे.

पैसा देणाऱ्याला कार्यक्रमाचा फोटो पाहिजे असतो. तालमीचा फोटो चांगला येत नाही, म्हणून तालमीला पैसे नाहीत आणि मंडपाला आहेत. हलगीचं कातडं, ढोलकीची शाई, वस्तीवर जाण्याचं पेट्रोल, शिकवणाऱ्याचं मानधन हे सगळे ‘किरकोळ खर्च’. खरं काम या किरकोळ खर्चातच असतं.

चालवणाऱ्यांनाही दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एक, पोरांना देणगीदारापुढे उभं करून त्यांच्या दुःखाचं प्रदर्शन मांडू नका. पोराची गोष्ट पोराची आहे. ती सांगायची की नाही हे ते ठरवील, आणि फोटोला आई-बापाची परवानगी घ्याच. दोन, पोरं तुमच्या हवाली आहेत. २०१२ चा पोक्सो कायदा पाठ पाहिजे. तालमीला नेहमी दोन मोठी माणसं हवीत, त्यांत एक बाई. मुली अंधार पडायच्या आत घरी. एवढी शिस्त नसेल तर चांगल्या कामाला एका दिवसात गालबोट लागतं आणि मग गावातलं दार कायमचं बंद होतं.

सरकारी कागद काय सांगतो

कायद्यात काही नाही असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात लिहिलं आहे, की दिव्यांगांना सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत इतरांबरोबरीने भाग घेता यावा यासाठी सरकारने आणि स्थानिक संस्थांनी उपाय करायचे. स्थानिक संस्था म्हणजे तुमची-आमची ग्रामपंचायतसुद्धा. स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी आणि दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचा, असंही बंधन तिच्यावर आहे. हा पैसा कशावर खर्च होतो, हे ग्रामसभेत किती जण विचारतात?

शिक्षण हक्क कायदाही बघा. सहावी ते आठवीला कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यायचा, पण कधी? शाळेत शंभरावर मुलं असतील तर. आमच्या वाड्यावस्त्यांच्या शाळांत शंभर मुलं कुठून आणायची? म्हणजे जिथे दुसरं काहीच नाही तिथेच कलाशिक्षक नाही. २०१८ साली आपला जिल्हा ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत गेला. तेव्हापासून आरोग्य, शिक्षण, पाणी, शेती यांचे आकडे दिल्लीपर्यंत मोजले जाऊ लागले. ते मोजलेच पाहिजेत. पण पोराला चार लोकांत बोलता येतं का, हा रकाना त्या तक्त्यात नाही.

आणि आपण गरीब म्हणावं तर तसंही नाही. एप्रिल २०१७ मध्ये जयंत सावरकरांच्या अध्यक्षतेखाली नाट्यसंमेलन इथे झालं, जानेवारी २०२० मध्ये फादर दिब्रिटोंच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं. जिल्ह्याने दोन्ही दिमाखात पार पाडली. तीन दिवसांचा सोहळा करायची ताकद आपल्यात आहे. आठवड्याला दोन संध्याकाळी वर्षभर करायची आहे का, एवढाच सवाल.

मग करायचं काय?

फार मोठं काही नको. पहिली गोष्ट, गॅदरिंग शाळेने जरूर घ्यावं, पण ऊसतोडीच्या गावांत दुसरा एक कार्यक्रम टोळ्या परतल्यावर, एप्रिलमध्ये ठेवावा. येरमाळ्याच्या यात्रेच्या आसपास माणूस गावात असतो. तेव्हा त्या पोरांना त्यांनी सहा महिन्यांत काय पाहिलं ते मांडू द्या. कारखान्यावरच्या खोपीची गोष्ट त्यांच्याइतकी कुणाला माहीत?

दुसरी, स्टेजचा हट्ट सोडावा. समाजमंदिराची फरशी, शाळेचं मैदान, पाराखालची जागा पुरते. सगळे जमिनीवर आले, की पायऱ्यांचा प्रश्न मिटतो.

तिसरी, तुळजापूरच्या पंचक्रोशीत संबळ वाजवणारे गोंधळी, आराध्यांची गाणी मुखोद्गत असलेल्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत. सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं, ते चांगलंच. त्यांना पोरांपुढे आणून बसवायचं काम गावाने करावं, आणि वरून शिकवण्याचे चार पैसे द्यावेत. ‘हे अमक्या जातीचं वाद्य’ हा शिक्का पुसायचा असेल, तर दुसरा मार्ग नाही. हलगी सगळ्या आळ्यांतल्या पोरांनी हातात घेतली पाहिजे, आणि वीणा-पेटीही.

चौथी, सामुदायिक रेडिओची परवानगी २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही मिळते. दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत आवाज जातो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण गाणी, गोष्टी, शेती, आरोग्य, शाळा सगळं देता येतं. जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने किंवा संस्थेने हे मनावर घेतलं, तर आपल्या बोलीत बोलणारी पोरं आपल्याला घरात ऐकू येतील.

पाचवी आणि शेवटची, येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडा. दिव्यांग आणि बालकल्याण निधीतून शिकवणाऱ्याचं वर्षाचं मानधन आणि वाद्यांची दुरुस्ती, एवढाच विषय. सरपंच नाही म्हणणार नाहीत. म्हटलेच, तर कलम २९ दाखवा.

वाचकहो, तुमच्या गावात कुणी ताई किंवा दादा संध्याकाळी पोरं गोळा करून गाणं-नाटक करीत असेल, तर एकदा जाऊन बघा. टाळ्या नंतर वाजवा. आधी विचारा, ‘काय कमी पडतंय?’ आणि गोलात कोण कोण नाही, तेही मोजून या.